उन्हाळी भाताचा फुलोरा

सह्याद्रीच्या कड्याला पाठ लावून बसलेले कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातील दोन तालुके भाताच्या पिकासाठी प्रसिद्ध आहेत. मृगाचा पाऊस सुरू झाला म्हणजे येथील खाचरे पाण्याने भरून जातात. राबावर पेरलेले आवण वीतभर वाढले, की लावणीची एकच धांदल उडते. दिवाळीच्या सुमारास भात कापून होते. त्यानंतर कोणी जमिनीतील ओलीवर वाल पेरतो, तर कोणी खाचर तसेच पडीक ठेवतो. एप्रिल महिन्यात या भागातून जाणाऱ्या प्रवाशाला दोन्ही अंगांना भेगाळलेली, करड्या रंगाची जमीन दिसत राहते. मध्येच मात्र एखादा हिरवागार पट्टा दृष्टीस पडतो आणि क्षणभर आपण श्रावणात तर नाही ना, असा भास होतो. हा हिरवा पट्टा उन्हाळी भाताचा असतो.

भर उन्हाळ्यात या भाताला पाणी कोठून मिळते, हे जाणून घेण्यासारखे आहे. घाटमाथ्यावरील धरणांत साठविलेले पाणी प्रचंड नळांतून खाली सोडून त्यावर वीज निर्माण करण्याची योजना टाटांनी आखली. तीनुसार १९१५ साली खोपोलीचे आणि १९२२ साली भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. ही वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. परंतु यंत्रे फिरवून मोकळे झालेले पाणी खालच्या खोऱ्यांना मिळाले. खोपोलीचे पाणी पाताळगंगेला मिळते, तर भिवपुरीचे पेज नदीत उतरते आणि त्यातील काही राजनाला कालव्याने कर्जत तालुक्यातील शेतांना जाते. गिरण्यांसाठी केलेल्या खटाटोपातून शेतकऱ्याला दुसरे पीक लाभले, ते असे. ज्या वर्षी कालव्याला पाणी येत नाही, त्या वर्षी हे पीकही नसते.

पाणी मिळाले म्हणजे पीक हाती आलेच, असे मात्र नाही. डिसेंबर महिन्यात रोपे टाकावी, जानेवारीत लावणी करावी, पाणी-खत वेळेवर द्यावे, तणही काढावे. मार्च सरता सरता भात पोटरीत येते, पुढे निसवते आणि लोंब्या बाहेर पडतात. येथवर सर्व ठीक असते. दाणे भरलेली लोंबी स्वतःच्या भाराने खाली झुकते, परंतु एखाद्या वर्षी काही शेतांतील लोंब्या पंधरवडा उलटून गेला तरी ताठच उभ्या राहतात. शेतकरी एक दाणा बोटांत धरून दाबतो. टरफल दबते, आत काहीच नसते. अशा पोकळ दाण्यांना या भागात पळंज म्हणतात. रोग नाही, कीड नाही, पाण्याचीही तूट नाही. मग लोंबी पोकळ का राहिली?

याचे उत्तर भाताच्या फुलात आहे. भाताला फूल येते, हेच पुष्कळांच्या ध्यानात नसते. ते गुलाबासारखे रंगीत नाही, मोगऱ्यासारखे सुगंधीही नाही. ज्याला आपण तूस म्हणतो ती दोन हिरवी टरफले, हेच त्या फुलाचे घर होय. आत सहा पुंकेसर असतात आणि मध्यभागी अंडाशयावर पिसासारख्या दोन कुक्षी असतात. एका लोंबीवर अशी शंभर ते दोनशे फुले असू शकतात. ती सर्व एकाच दिवशी उमलत नाहीत. लोंबीच्या शेंड्याकडून उमलण्यास प्रारंभ होतो आणि बुडापर्यंत पोहोचण्यास सुमारे आठवडा लागतो.

प्रत्येक फूल आयुष्यात एकदाच उमलते आणि तेही तासाभरापुरतेच. सकाळी नऊपासून दुपारी बारापर्यंतचा काळ ही त्याची नेहमीची वेळ होय. फुलाच्या तळाशी दोन बारीक मांसल गाठी असतात. त्या पाणी शोषून फुगतात आणि टरफले एकमेकांपासून दूर सारतात. त्याच सुमारास पुंकेसरांचे देठ झरझर लांबतात, परागकोश फुटतात आणि त्यांतील परागकण कुक्षीवर गळून पडतात. भाताचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. त्याला मधमाशीची वाट पाहावी लागत नाही. कुक्षीवर पडलेला कण रुजतो, त्यातून सूक्ष्म नळी निघते आणि ती अंडाशयापर्यंत जाऊन पोहोचते. इतके झाले म्हणजे टरफले पुन्हा मिटतात. पुढील महिनाभर त्या बंद घरात दाणा भरत राहतो.

हे सर्व निर्विघ्न पार पडण्यास कुक्षीवर किमान दहा-वीस तरी जिवंत कण पडावे लागतात. परागकण हा फार अल्पायुषी असतो. परागकोशातून बाहेर पडल्यावर त्याची रुजण्याची शक्ती काही मिनिटेच टिकते. नेमक्या त्याच वेळी तापमान ३५ अंश सेल्सियसच्या वर गेले, तर कामात बिघाड होतो. परागकोश फुटण्यासाठी त्यातील कणांनी पाणी घेऊन फुगावे लागते. उष्णतेत ते पुरेसे फुगत नाहीत, त्यामुळे कोश उघडतच नाही किंवा अर्धवट उघडतो. जे थोडे कण खाली पडतात, त्यांतीलही काही रुजत नाहीत. टरफले मात्र ठरल्या वेळी मिटतात. बाहेरून पाहणाऱ्याला फूल फळले की वाया गेले, हे मुळीच कळत नाही. ते कळते पंधरा दिवसांनी, लोंबी झुकली नाही म्हणजे.

जपानी शास्त्रज्ञ साताके आणि योशिदा यांनी १९७८ साली या गोष्टीचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले, की फूल उमलताना झालेली उष्णतेची बाधा सर्वांत घातक असते. परंतु उमलल्यानंतर एक तास सुखरूप गेला, तर पुढे आलेल्या कडक उन्हाचा फळधारणेवर परिणाम होत नाही. निसवण्यापूर्वी सुमारे ९ दिवस, म्हणजे परागकण घडत असताना, आणखी एक नाजूक काळ येतो. पण तो उमलण्याच्या घटकेइतका नाजूक नव्हे. तेव्हा उन्हाळी भाताचे भवितव्य तीन-चार महिन्यांच्या मेहनतीइतकेच त्या एका तासावरही अवलंबून असते. कर्जत-खालापूरचा भाग समुद्रकिनाऱ्यापासून आत असल्यामुळे अलिबाग-मुरूडकडे उन्हाळ्याला जो आळा बसतो, तो येथे बसत नाही. एप्रिलच्या काही दिवसांत पारा चाळिशीला टेकतो आणि सकाळी अकराच्या सुमारासच ऊन भाजू लागते.

यावर एक साधा तोडगा सुचेल. भात लवकर पेरावे, म्हणजे ते कडक उन्हाळ्यापूर्वीच फुलून जाईल. शेतकरी शक्य तेवढे तसे करतातच. परंतु डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री भाताच्या रोपांना मानवत नाहीत. ती पिवळी पडतात आणि वाढ खुंटून बसतात. यामुळेच जे वाण पावसाळ्यात जितक्या दिवसांत तयार होते, त्यापेक्षा उन्हाळ्यात त्याला पंधरा-वीस दिवस अधिक लागतात. शिवाय पावसाळी भाताची मळणी आटोपून खाचर मोकळे व्हावे लागते आणि कालव्याचे पाणी सुटण्याचीही वाट पाहावी लागते. एका बाजूला थंडी आणि दुसऱ्या बाजूला ऊन अशा कात्रीत हे पीक सापडलेले असते. पेरणीची तारीख पुढेमागे करून जेवढे साधते तेवढे साधल्यावर एकच मार्ग उरतो. तो म्हणजे भातालाच उन्हाशी सामना करण्यास तयार करणे.

वनस्पतीला असे तयार करता येते काय? एखाद्या रोपट्याला रोज थोडेथोडे ऊन दाखवून त्याची संतती काटक होत नाही. मात्र एकाच पिकाच्या हजारो वाणांत निसर्गतःच भेद असतात. कोणी उंच, कोणी ठेंगणे. कोणी हळवे म्हणजे लवकर येणारे, कोणी गरवे म्हणजे उशिरा येणारे. तसाच उष्णता सोसण्याच्या शक्तीतही भेद असतो. हवा तो गुण ज्या वाणात आहे ते शोधून काढावयाचे आणि त्याचा हव्या त्या दुसऱ्या वाणाशी संकर करावयाचा, या शास्त्राला वनस्पति-प्रजनन असे म्हणतात.

कर्जतला हे शास्त्र नवे नाही. येथील भात संशोधन केंद्राची स्थापना १९१९ साली झाली. त्या वेळी जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. प्रारंभीचे काम निवडीचे होते. कोलंबा, जिन्या अशी जी वाणे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या लावीत आले होते, ती वस्तुतः अनेक प्रकारांची मिसळ असत. त्यांतून एकेक उत्तम रोप निवडावे, त्याचे बी वेगळे पेरावे, त्याची संतती वर्षानुवर्षे तपासावी आणि जी एकसारखी व अधिक पिकणारी ठरेल तिला क्रमांक देऊन बी वाटावे, अशी ही पद्धत होती. १९७२ साली दापोली येथे कोकण कृषि विद्यापीठ स्थापन झाले. त्याला पुढे डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव देण्यात आले. कर्जतचे केंद्र आज त्याच विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे.

निवडीला एक मर्यादा असते. मिसळीत जे मुळातच नाही, ते निवडून मिळत नाही. कोलंब्याचा तांदूळ बारीक आणि चवदार. पण रोप उंच असल्याने खताची मात्रा वाढविली, की ते लोळत असे. तैवानमध्ये तयार झालेले ‘तायचुंग नेटिव्ह १’ हे वाण ठेंगणे व खताला दाद देणारे होते. कर्जत येथे त्याचा ‘कोलंबा ५४०’ याच्याशी संकर करण्यात आला आणि त्यातून ‘कर्जत १८४’ हे हळवे, बारीक दाण्याचे वाण निघाले. ते १९७१ साली शेतकऱ्यांपर्यंत आले आणि कोकणात सर्वत्र पसरले. त्यानंतर ‘कर्जत ३’, ‘कर्जत ७’ अशी वाणांची मालिकाच येथून बाहेर पडली. १९९८ साली ‘सह्याद्री’ हे संकरित भातही येथेच तयार झाले.

संकर कसा करतात, हे पाहिले म्हणजे मूळ प्रश्नावरही एक अनपेक्षित प्रकाश पडतो. भाताचे फूल स्वतःच्याच परागाने फळत असल्यामुळे, दुसऱ्याचा पराग त्याला द्यावयाचा तर त्याचा स्वतःचा पराग आधी नाहीसा करावा लागतो. एक रीत अशी, की संध्याकाळी टरफलाचे टोक कात्रीने कापावे आणि सहाही परागकोश बारीक चिमट्याने काढून टाकावे. हे काम फार नाजूक आहे, आणि एका लोंबीसाठी ते पन्नास-साठ वेळा करावे लागते. दुसरी रीत सोपी आहे. सकाळी फुले उमलण्यापूर्वी ४२ ते ४४ अंश तापमानाचे पाणी थर्मासच्या बाटलीत भरावे आणि रोपाचा दांडा हलकेच वाकवून लोंबी ५ ते १० मिनिटे त्यात बुडवून ठेवावी. तेवढ्या उष्णतेने परागकण मरतात. कुक्षी आणि अंडाशय मात्र जिवंत राहतात. मग पित्याच्या लोंबीतील पराग त्या लोंबीवर झटकून ती कागदी पिशवीने झाकतात. ज्या गोष्टीने शेतकऱ्याचे पीक बुडते, तिचाच प्रजननशास्त्रज्ञ असा साधन म्हणून उपयोग करतो. फुलाचा दुबळा भाग स्त्रीकेसर नसून परागकण आहे, हेही यावरून सिद्ध होते. उष्णतेला टिकणारे भात हवे असेल, तर उष्णतेत टिकणारा पराग शोधला पाहिजे.

असा पराग असलेले एक वाण भारतातच होते. उत्तर प्रदेशातील बिजनोर जिल्ह्यात नगीना नावाचे गाव आहे. तेथील संशोधन केंद्रात ‘राजभोग’ या स्थानिक भातातून निवडलेले ‘नगीना २२’ हे वाण दुष्काळ व ऊन सोसण्याविषयी प्रसिद्ध आहे. तापमान ३८ अंशांवर गेले असता जेथे इतर वाणांच्या लोंब्या बहुतांशी पोकळ राहतात, तेथे याच्या लोंब्यांत बरेच दाणे भरतात. जगभरच्या प्रयोगशाळांत उष्णतेची कसोटी घेताना याच वाणाशी इतरांची तुलना केली जाते. याचा अर्थ ते तसेच आणून कर्जतला लावावे, असा मात्र नव्हे. ते उंच वाढते, लोळते आणि त्याचे उत्पन्न बेताचे असते. घ्यावयाचा आहे तो त्याचा एक गुण. बाकीचे अवगुण मागे ठेवावयाचे आहेत.

उष्णतेला तोंड देणाऱ्या वाणांच्या परागकोशात फरक तो काय असतो, याचाही शोध घेण्यात आला आहे. परागकोश फुटताना त्याच्या टोकाला व तळाला चिरा पडतात. तळाची चीर कुक्षीच्या अगदी जवळ असते. ज्या वाणांत ही तळाची चीर लांब असते, त्यांत कोश अर्धवट उघडला तरी पुरेसे कण कुक्षीवर पडतात. केसाएवढ्या चिरेच्या लांबीवर मणामणाचे अंतर पडावे, हे नवलच म्हणावयाचे.

दुसरा मार्ग उष्णता सोसण्याचा नसून ती चुकविण्याचा आहे. फूल अकरा वाजता उमलण्याऐवजी सूर्य वर येताच उमलले, तर नाजूक तास गारव्यातच निघून जाईल. ‘ओरायझा ऑफिसिनॅलिस’ ही भाताची एक रानटी जात असे पहाटेचे फूल धारण करते. फिलिपाइन्समधील लॉस बान्योस येथे १९६० साली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. तेथे आणि जपानमध्ये काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी या रानटी भाताच्या तिसऱ्या गुणसूत्रावरील एक भाग ‘आय. आर. ६४’ या सर्वत्र पेरल्या जाणाऱ्या वाणात उतरविला. त्या संशोधनाची माहिती २०१५ साली प्रसिद्ध झाली. या नव्या भाताची फुले मूळ वाणापेक्षा दीड ते दोन तास आधी उमलतात. दीड तास ही काही मोठी गोष्ट नव्हे, असे घड्याळाकडे पाहून वाटेल. परंतु एप्रिलच्या सकाळी नऊ आणि साडेदहा यांत किती अंतर असते, ते शेतात उभ्या असलेल्या माणसाला विचारावे.

तिसरा मार्ग वनस्पती स्वतःच अवलंबिते. पानांवाटे पाण्याची वाफ बाहेर टाकून ती आपले अंग थंड ठेवते. माठातले पाणी गार होते, तसाच हा प्रकार आहे. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साऊथ वेल्समधील भातशेतीत हवा अतिशय कोरडी असते. तेथे लोंबीचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे ७ अंशांनी कमी असल्याचे आढळले आहे. म्हणून तेथे बाहेर रखरखाट असूनही दाणे भरतात. दमट हवेत मात्र माठही गार होत नाही आणि भातही नाही. कोकणच्या उन्हाळ्यात हवा दमट असते, वारा पडला म्हणजे तर अंगावरचा घामही सुकत नाही. यास्तव नुसते हवेचे तापमान पाहून दोन प्रदेशांतील भाताची तुलना करणे चुकीचे ठरते. परदेशात उष्णतेला टिकलेले वाण येथेही टिकेल, असे गृहीत धरता येत नाही. ते येथील खाचरातच पारखावे लागते.

दिवसाच्या उन्हाप्रमाणे रात्रीचा उकाडाही पिकाला छळतो. वनस्पती दिवसा अन्न तयार करते आणि रात्री श्वसनात त्यांतील काही खर्च करते. रात्र जितकी उबदार, तितका हा खर्च अधिक. लॉस बान्योस येथील शेतांत अनेक वर्षे ठेवलेल्या नोंदींवरून २००४ साली असे दाखविण्यात आले, की कोरड्या हंगामात रात्रीचे किमान तापमान १ अंशाने वाढले, तर भाताचे उत्पन्न सुमारे १० टक्क्यांनी घटते. शिवाय दाणे भरण्याच्या काळात उकाडा झाला म्हणजे तांदळाच्या पोटात खडूसारखा पांढरा डाग राहतो. असा तांदूळ गिरणीत तुटतो आणि कणी अधिक पडते. शेतकऱ्याला पोती तेवढीच मिळाली, तरी भाव मात्र कमी मिळतो.

आता हवा तो गुण कर्जतच्या एखाद्या वाणात कसा आणावयाचा? नगीना २२ आणि स्थानिक वाण यांच्या संकरातून जे पहिले रोप निघते, त्यात दोघांचा वाटा निम्मा निम्मा असतो. त्याचा पुन्हा स्थानिक वाणाशीच संकर केला, तर स्थानिक वाणाचा वाटा सरासरीने ७५ टक्के होतो. आणखी एकदा केला तर ८७.५, आणखी एकदा केला तर ९३.७५. अशा रीतीने चव, दाण्याचा आकार, उंची, पिकण्याचा काळ हे सारे मूळचेच राहते. परंतु प्रत्येक पायरीवर नगीन्याचा तो एक गुण ज्यात शिल्लक आहे, तेच रोप पुढे घ्यावे लागते. नाहीतर बाकी सर्व परत मिळते आणि ज्यासाठी खटाटोप केला तेवढेच निसटते.

तो गुण आहे की नाही, हे पूर्वी रोप फुलल्याशिवाय कळत नसे. आता पानाच्या लहानशा तुकड्यातील आनुवंशिक द्रव्य तपासून ते लावणीपूर्वीच सांगता येते. गुणसूत्राच्या ज्या भागावर तो गुण आहे, त्याच्या लगतच्या ठरावीक खुणा ओळखल्या म्हणजे झाले. ओडिशातील एका जुन्या भातापासून पुराच्या पाण्यात तग धरण्याचा गुण ‘स्वर्णा’ या वाणात याच रीतीने उतरविण्यात आला आणि ‘स्वर्णा-सब १’ हे वाण २००९ साली भारतात प्रसारित झाले. उष्णतेच्या बाबतीत काम इतके सरळ नाही. पुराचा गुण मुख्यतः एकाच ठिकाणी साठविलेला होता. उष्णतेचा गुण अनेक ठिकाणी थोडाथोडा विखुरलेला आहे. नगीना २२ च्या चौथ्या गुणसूत्रावरील एक महत्त्वाचा भाग २०१२ साली उजेडात आला. परंतु त्या एकट्यावर भिस्त ठेवता येत नाही. २०१५ साली चिनी शास्त्रज्ञांना आफ्रिकेतील भातात एक निराळाच जनुक सापडला. उष्णतेने पेशीतील जी प्रथिने नासतात, ती झपाट्याने हटविण्यास तो मदत करतो. असे दोन-चार निरनिराळे गुण एका वाणात एकत्र आणावे लागतात आणि त्यांतील एकही दुसऱ्याच्या आड येणार नाही, हे पाहावे लागते.

एवढे करूनही खरी परीक्षा शेतातच होते. त्यासाठी भात मुद्दाम उशिरा पेरतात. एकच वाण दहा-दहा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा लावतात, म्हणजे त्यातील एखादी तरी खेप ऐन उन्हात फुलोऱ्यावर येते. येथे फसगत होण्याचा संभव फार असतो. एखाद्या वाणाच्या लोंब्या भरलेल्या दिसल्या, तर ते काटक असेलच असे नाही. त्याचा फुलोरा नेमका ढगाळ दिवशी आला असेल. म्हणून प्रत्येक लोंबीला निसवण्याच्या दिवशीच चिठ्ठी बांधतात, त्या आठवड्यातील रोजचे तापमान लोंबीच्या उंचीवर मोजतात, फुले किती वाजता उमलली याची सकाळी बांधावर उभे राहून नोंद करतात आणि कापणीनंतर भरलेले दाणे व पळंज वेगवेगळे मोजतात. शंभर फुलांपैकी किती भरली, हा एक आकडा मिळविण्यासाठी इतका सायास करावा लागतो.

या कामात कर्जतसारख्या ठिकाणी एक सोय आहे. पाणी असल्याने येथे वर्षातून भाताच्या दोन पिढ्या घेता येतात. पावसाळ्यात संकर करावा आणि उन्हाळ्यात त्याच्या संततीला ऊन दाखवावे. तरीदेखील पहिल्या संकरापासून स्थिर वाण हाती येण्यास आठ-दहा वर्षे सहज जातात. त्यानंतर निरनिराळ्या केंद्रांवर चाचण्या होतात. तेथे ते वाण करप्यास बळी पडते का, खोडकिडा त्याला लागतो का, पावसाळ्यातही ते नीट पिकते का, याची पाहणी होते. शेवटी ते शेतकऱ्याच्या घरी जाते. तेथे त्याचा भात शिजविला जातो, पोहे कांडून पाहिले जातात आणि पिठाची भाकरी थापली जाते. भाकरी थापताना तिच्या कडा फाटू लागल्या किंवा भात शिजून चिकट झाला, तर उन्हात कितीही दाणे भरलेले असोत, दुसऱ्या वर्षी ते बियाणे राबावर पडत नाही.